हालचाल आढळली नाही

नानांच्या घरातली पुढची खोली दिवसभर नानांचं ऑफिस असायची आणि त्याच वेळी घराची बैठकही असायची. त्यामुळे तिथे येणाऱ्या माणसाला आपण कामाला आलोय की भेटायला, हे शेवटपर्यंत कळायचं नाही. विमा कंपनीने आपली कचेरी बंद करून सगळ्या पाहणीदारांना "घरूनच काम करा, लोकांनाही घरीच भेटा" असं सांगून टाकलं, तेव्हापासून हा घोळ चालू होता. लोकांच्या नुकसानीची पाहणी करणं हा नानांचा पेशा. कुणाचं दुकान जळालं, कुणाच्या गोदामात पाणी शिरलं, की तो माणूस कागदांची पिशवी पोटाशी धरून नानांच्या सोफ्यावर बसायचा आणि आपलं कसं वाटोळं झालं ते सांगू लागायचा. तो अगदी रडवेला झाला की आतून कुकरची शिट्टी व्हायची. तो बिचारा थांबायचा. आणि इतक्या वर्षांची सवय, नाना मान वळवून ओरडायचे, "दुसरी झाली गं!"

पण कुकरचं सोडा. खरी अडचण होती दादा.

दादा म्हणजे नानांचा थोरला भाऊ. बायको गेल्यापासून एकटाच राहायचा, मागच्या गल्लीत. रोज चार वाजून गेले की यायचा. सोफ्याच्या खिडकीकडच्या टोकाला बसायचा, सकाळी स्वतःच्या घरी वाचून झालेलं वर्तमानपत्र इथे पुन्हा वाचायचा, चहा प्यायचा आणि दिवे लागायच्या सुमारास "बरंय" म्हणून उठायचा. दोघा भावांत बोलणं म्हणाल तर जवळजवळ नाहीच. "आज उकडतंय," असं एकाने म्हणावं, दुसऱ्याने "हं" म्हणावं, की त्या दिवसाचा संवाद संपला. नानांना यात काही वावगं वाटत नव्हतं. वाटलं ते त्या फर्निचरवाल्यामुळे.

या फर्निचरवाल्याचं दुकान जळालं होतं. "साहेब, शॉर्ट सर्किट!" असं तो कळवळून सांगत होता. तेवढ्यात खिडकीकडचं वर्तमानपत्र खाली आलं आणि दादा म्हणाला, "शॉर्ट सर्किट कसलं? लाकडाच्या भुशात बसून विड्या ओढत असाल."

फर्निचरवाला ताडकन उठला. "हे कोण?" त्याने विचारलं. "हे कंपनीचे आहेत?"

"छे छे, हे घरचे आहेत," नाना म्हणाले.

"मग माझं गाऱ्हाणं मी घरच्यांपुढे मांडतोय की काय?"

त्याने वरती तक्रार केली. वरून नानांना समज आली, की भेटीची जागा कामाला साजेशी असावी. आता दादाला "चारला येत जाऊ नकोस" एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर सगळं भागलं असतं. पण ज्या भावाने आपल्याला सायकल शिकवली त्याला हे वाक्य कुठल्या तोंडाने सांगायचं? नानांना ते तोंड सापडेना. म्हणून त्यांनी खोलीच बदलायचं ठरवलं.

बायको म्हणाली, "त्यात काय मोठंसं! आपले जावईबापू हेच तर करतात."

जावईबापू म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे जावई. माणसांना काम करायला आणि भेटायला सुखाची होतील अशा खोल्या ते यंत्रांच्या मदतीने घडवायचे. आता कुठलाही कारागीर घरात घेतला तर त्याच्यावर डाफरता येतं, त्याचं काम अडवता येतं, निदान त्याच्या माघारी त्याला शिव्या घालता येतात. जावयाच्या बाबतीत यातलं काहीच करता येत नाही. त्याला आधी पाणी विचारायचं, मग चहा, मग जेवण, आणि त्याने भिंतीला भोक पाडलं तर "वा, किती गोल!" असं म्हणायचं.

जावईबापूंनी पहिला अख्खा दिवस कोपऱ्यात बसून नुसतं निरीक्षण केलं. नाना शिंकले तरी ते मान डोलवायचे. संध्याकाळी, पोटभर जेवून, त्यांनी निदान सांगितलं.

"काका, तुमच्या खोलीला तुम्ही काय करताय हे कळतच नाही."

"खोलीला कशाला कळायला हवं?" नाना म्हणाले.

"तीच तर गंमत आहे! उद्याच्या खोल्या माणसाला ओळखणार. तुम्ही कामाला बसलात की उजेड पांढरा, पडदे खाली, आतला आवाज बंद. पाहुणे आले की उजेड पिवळा, पडदे वर, मंद संगीत. दार स्वतः बघणार कोण आलंय, आणि स्वतः ठरवणार."

"काय ठरवणार?"

"आत घ्यायचं की नाही ते."

हे वाक्य ऐकलं आणि नानांचा जीव भांड्यात पडला. जे आपल्याला बोलता येत नाही ते दार परस्पर बोलणार असेल तर जावयाला दहा वेळा जेवू घालायची त्यांची तयारी होती.

बातमी जिन्याने वर गेली आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर जिन्याने खाली आले. यांची हयात पाणीपुरवठा खात्यात गेली होती आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीकडे ते नळ म्हणूनच बघायचे. छतातल्या तारा बघून त्यांनी विचारलं, "उतार कुठे दिलाय?"

"तारांना उतार लागत नाही हो," जावईबापू म्हणाले.

"सगळ्याला उतार लागतो," इंजिनिअर म्हणाले आणि चहा होईपर्यंत बसले.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. दाराबाहेर कॅमेरा लावायचा म्हणजे बाहेरच्या भिंतीला भोक, आणि बाहेरची भिंत सगळ्यांची. तेव्हा सगळ्यांची परवानगी हवी. सभा भरली. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यांचा कॅमेरा माझ्या दाराकडे तोंड करून असणार. माझ्याकडे कोण येतं, कोण जातं, हे यांना कशाला हवंय?" आजवर बाईंकडे कोण येतं हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नव्हता. त्या सभेपासून तो सगळ्या इमारतीला पडला. नानांकडे मात्र लोक संशयाने बघायला लागले. जन्मभर मान खाली घालून जिना चढलेला माणूस! शेवटी कॅमेरा नाकासमोर न बघता जमिनीकडे कललेला असावा, या अटीवर परवानगी मिळाली. परिणाम असा झाला, की पुढे दाराला येणाऱ्यांची कपाळं आणि टकलं तेवढी नीट दिसायची.

वीज कचेरीची तऱ्हा निराळी. यंत्रं वाढली म्हणून वीजजोड वाढवून हवा होता. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "घरगुती की व्यावसायिक?"

"घरच आहे. पण काम घरून करतो."

"म्हणजे व्यावसायिक. पलीकडची खिडकी."

पलीकडच्या खिडकीत दुसऱ्या साहेबांनी विचारलं, "पाहुणे येतात?"

"येतात की."

"मग घरगुती. अलीकडची खिडकी."

नाना या दोन खिडक्यांमध्ये लंबकासारखे हिंडत राहिले. शेवटी अलीकडच्या साहेबांना दया आली. ते म्हणाले, "हे बघा, एकच माणूस एकाच खोलीत कधी घरी असतो आणि कधी कामावर, हे आमच्या मीटरला समजत नाही. तुम्ही एक काय ते ठरवा." नानांनी 'घरगुती' ठरवलं. बाहेर पडताना त्यांना उगीच चोरी केल्यासारखं वाटलं.

एवढं झाल्यावर सोफा गेला. जावईबापूंच्या मते सोफा हा खोलीतला सगळ्यात आळशी प्राणी. त्याच्या जागी चाकांच्या खुर्च्या आल्या, मधे सरकणारा काचेचा पडदा आला, छताला माणसांची हालचाल टिपणारे डोळे लागले. सगळं जोडून झाल्यावर जावईबापूंनी दाराला चेहरे शिकवायला घेतले. नानांचा झाला, नानांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा झाला.

"आणि मोठे काका? त्यांना कशात घालू? घरच्यांत की पाहुण्यांत?"

काकू आतून म्हणाल्या, "अहो, हे काय विचारणं झालं? घरच्यांत!"

नाना चष्मा पुसू लागले. "पाहुण्यांत घाला," ते हलकेच म्हणाले. "म्हणजे कामाच्या वेळी जरा... बरं पडेल."

काकूंनी दारातून नुसतं बघितलं. त्या बोलल्या असत्या तर नानांना भांडता तरी आलं असतं.

नव्या खोलीने पहिल्याच आठवड्यात आपले गुण उधळले. नाना केस कापून आले तर त्यांच्याच दाराने त्यांना घरात घेतलं नाही. "सध्या काम चालू आहे. कृपया वेळ ठरवून या," असं एका गोड बाईच्या आवाजात ते सांगत राहिलं. "अगं, मीच तर काम करतो!" असं नाना दाराला समजावत असताना वरचे इंजिनिअर जिन्यावरून उतरत होते. त्यांनी बराच वेळ बघून विचारलं, "वहिनींशी काही झालंय का?"

पुढे एक म्हातारे कापडवाले आले. गोदामात पाणी शिरून त्यांचा सगळा माल कुजला होता. पांढऱ्या उजेडात त्या चाकाच्या खुर्चीत ते बसले, आणि गोदामाचं दार उघडलं तेव्हा काय दिसलं हे सांगता सांगता गप्प झाले. बोटं पिशवीवर तशीच राहिली. नानाही गप्प बसले. अशा वेळी गप्प बसावं हे त्यांना कामात राहून कळलं होतं. आणि मग छतातून तोच गोड आवाज आला, "हालचाल आढळली नाही." सगळे दिवे गेले. पडदे खाली होतेच. मिट्ट काळोखात कापडवाले घाबरून म्हणाले, "साहेब? माझं काही चुकलं का?"

नाना उठून दोन्ही हात हवेत फिरवू लागले. दिवे आले तेव्हा कापडवाल्यांना काय दिसलं असेल? आपल्या आयुष्याची राखरांगोळी झालीय आणि समोर विमा कंपनीचा माणूस नाचतोय. यंत्रालाही तो नाच पाहून समारंभ वाटला असावा, कारण उजेड पिवळा झाला आणि मंद संगीत सुरू झालं. कापडवाल्यांनी कागद पिशवीत भरले. "मी नंतर येतो," ते म्हणाले आणि पाठमोरे होऊन गेले. त्यांची पाठ नानांना बरेच दिवस दिसत राहिली.

जावईबापूंना बोलावलं. त्यांनी छताकडे बघितलं, म्हणाले, "काका, खोलीला अजून तुमची सवय व्हायचीय," आणि जेवून गेले.

आणि खोलीचं काम निघाल्यापासून रोज येईनासा झालेला दादा या सगळ्या काळात दोनदा येऊन गेला होता.

पहिल्यांदा नाना कामात होते, त्यांना कळलंच नाही. दुसऱ्यांदा कळलं. समोर दाराच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक कपाळ दिसलं, रुंद, मधे आठी असलेलं. ते कपाळ नानांनी कुठेही ओळखलं असतं. दाराने आपलं वाक्य म्हटलं. कपाळ वर उचललं गेलं आणि कॅमेऱ्याला अगदी नाक लावून दादा म्हणाला, "नान्या, मी आहे."

दाराने वाक्य पुन्हा म्हटलं.

नानांनी घाईघाईने 'भेट'चं बटण दाबलं. पण खोलीची म्हणून एक शिस्त होती. आधी उजेड पिवळा झाला, सावकाश. मग पडदे वर गेले. मग काचेचा पडदा "कृपया दूर राहा" म्हणत सरकू लागला आणि नाना त्याच्या या बाजूला अडकून "चल की लवकर!" असं त्याला ढकलत राहिले. दार उघडलं तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. जिन्यात खालून चपलांचा आवाज येत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण समोरच्या बाईंचं दार किलकिलं होतं, आणि सभेपासून त्यांच्यासमोर आवाज करायची नानांना चोरी झाली होती. उद्या येईलच की, असं म्हणून ते आत वळले.

दादा उद्या आला नाही. परवाही आला नाही. नाना मनातून थोडे रागावलेही. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? फोन करता येत नव्हता? मागची गल्ली म्हणजे काही परदेश नव्हे. पण हे सगळं मागच्या गल्लीत जाऊन सांगायचं नानांनाही सुचलं नाही.

मग रविवारी सकाळी फोन आला. काकूंनी घेतला. ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"कुणाचा गं?"

"दादांचा. किती वाजता आलं तर चालेल, विचारत होते."

दुपारी दादा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. दार आज छान उघडलं. पिवळा उजेड, मंद संगीत. दादाने सवयीने खिडकीकडे बघितलं, मग समोरच्या खुर्चीवर टेकला. खुर्ची मागे सरकली, तशी त्याने काचेला धरून स्वतःला सावरलं. "छान झालीय खोली," तो म्हणाला.

"हं," नाना म्हणाले.

नेहमीसारखे दोघं गप्प बसले. हे गप्प बसणं नानांना इतक्या दिवसांनी बरं वाटायला लागतंय, तोच छतातून आवाज आला, संगीत थांबलं, पडदे खाली आले आणि दिवे गेले.

अंधारात दादा म्हणाला, "काही बोलायला लागतं का?"

"नाही नाही. नुसता हात हलवलास तरी चालतं."

दादाने हात वर केला. दिवे आले. मग ते दोघं तसे बसून राहिले. थोडा वेळ झाला की दादा हात वर करायचा, मग जरा वेळाने नाना. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलांसारखे, आणि प्रश्न मात्र कुणीच विचारत नव्हतं. काकू चहा घेऊन आल्या आणि हे बघून ट्रे तसाच घेऊन परत आत गेल्या.

"मी पुढच्या आठवड्यात लेकीकडे चाललोय," हात वर धरूनच दादा म्हणाला. "राहायलाच. ती केव्हाची म्हणत होती. इथली खोली सोडतोय."

नानांचा हात खाली आला. "असं अचानक?"

"अचानक नाही. तिला उत्तर द्यायचं होतं. म्हटलं, तुला विचारावं, जाऊ का म्हणून. आलो होतो दोनदा." जिथे एरवी चहा असायचा त्या रिकाम्या जागेकडे दादाने बघितलं. "तुझं काम चालू होतं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर फार बरं झालं असतं. टोमण्याला नानांकडे उत्तरं होती.

"मी म्हटलं असतं," नाना म्हणाले, "मी म्हटलं असतं, की..." पण तेवढ्यात पुन्हा दिवे गेले. या वेळी दोघांपैकी कुणीच हात वर केला नाही. अंधारात दादा उठला, खोलीच्या लक्षातही न येता चाचपडत दारापर्यंत गेला आणि म्हणाला, "बरंय."

दुसऱ्या दिवशी नानांनी स्टुलावर चढून छताचे डोळे उपटून काढले. नातं बिघडेल याची पर्वा न करता जावईबापूंना फोनवर चार शब्द सुनावले. दाराचा गोड आवाज बंद केला, कॅमेरा काढला. त्या भोकातून आता पलीकडचं दिसायचं, म्हणून समोरच्या बाईंनी नवी तक्रार केली. हे सगळं दादाच्या कानावर घालायला नाना मागच्या गल्लीत गेले. दादा भांडी बांधत होता. "कशाला काढलंस? चांगलं होतं," तो म्हणाला, आणि दोरीचं टोक धरायला त्याने नानांच्या हातात दिलं. नाना दोरी धरून उभे राहिले. "नको जाऊस," हे दोन शब्द त्यांच्या ओठांवर होते. पण सामान बांधून झालं होतं, लेकीने खोली रंगवून ठेवली होती, आणि बांधलेल्या सामानासमोर असले शब्द बोलणं म्हणजे दादालाच पेचात टाकणं. नानांनी गाठ घट्ट आहे की नाही ते बघितलं, आणि गाठ घट्ट आहे असं सांगितलं.

दादा गेला. चार वाजले की नानांचं काम थांबायचं. काम कमी झालं होतं असं नव्हे. खोली आता अगदी शांत असायची, कुणी मधे बोलायचं नाही. कंपनीने या बदलाबद्दल त्यांचं कौतुकही केलं.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी नाना न कळवता पुतणीच्या गावी गेले. पुतणीने दार उघडलं. "काका! अहो, कळवायचं नाही का? बाबा खाली शिंप्याकडे असतील. रोज जातात."

खाली रस्त्याला लागून शिंप्याचं छोटं दुकान होतं. नाना बाहेरच थबकले. आत शिवणयंत्र चालू होतं आणि त्या खडखडाटावर आवाज चढवून दादा बोलत होता. चक्क बोलत होता! कुठल्याशा जुन्या बदलीच्या गावची हकिकत, हातवारे करून, मधेच स्वतःच हसून. शिंपीही हसत होता. नानांनी ही हकिकत जन्मात ऐकली नव्हती. दादाची त्या गावी बदली झाली होती हेसुद्धा त्यांना आत्ता कळत होतं.

दादाचं लक्ष गेलं. "अरे, नान्या!" तो उठलाच. मग शिंप्याकडे वळून, अभिमानाने म्हणाला, "हा माझा धाकटा भाऊ. फार कामाचा माणूस आहे बरं का. याच्याकडे वेळ घेऊन जावं लागतं."

शिंपी आदराने अर्धवट उभा राहिला. नानांनी नमस्कार केला.

"चल, वर जाऊ," दादा चपला शोधत म्हणाला. "तुला परत जायचं असेल. गाडी किती वाजताची?"

गाडी सुटायच्या बेतात होती. स्टँडवर जायला आत्ता रिक्षा केली असती तर मिळाली असती.

"आहे अजून वेळ," नाना म्हणाले. "तू सांगत होतास ते सांग ना. पुढे काय झालं?"

दादाने त्यांच्याकडे जरा नवलाने बघितलं. शिंप्याने स्टुलावरचे बेतलेले कपडे उचलून बाजूला ठेवले, आणि नाना बसले.